साथ नसतानाचे दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी तिवसा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाई निमंत्रण घेऊन आल्या तेव्हा त्यांनी विषय सुचविला होता, “स्त्रियांचा आहार.” मी त्यांना म्हटले, या विषयावर मी नोकरीत असताना इतके बोलले आहे की, आता पालेभाजी आणि गूळ-शेंगदाण्याचे नाव काढले तर मागच्या दोन ओळी उठून जातील. म्हणून विषय मी मागून घेतला. साथीचा रोग येतो तेव्हा देशाची आरोग्यव्यवस्था उभी कशी राहते, आणि कोलमडते ती कशामुळे, यावर मला बोलावयाचे आहे. विषय दिल्लीचा आहे, मोठ्या डॉक्टरांचा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पस्तीस वर्षे उपकेंद्राचे कुलूप ज्या बाईने रोज उघडले आणि लावले, तिच्याजवळही त्याविषयी सांगण्यासारखे थोडे असते. त्यातले सगळेच अभिमानाचे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात माझ्या आजीपासून करते. आजी 1918 साली तेरा वर्षांची होती आणि नुकतीच नांदायला आली होती. त्या सालच्या तापाला आपल्याकडे “मानमोडी” म्हणत. ताप यायचा, मान आणि पाठ मोडून यायची, श्वास लागायचा, आणि दोन-चार दिवसांत धडधाकट माणूस संपायचा. आजीच्या घरी पहिल्यांदा पडली तिची सासू, कारण सगळ्यांच्या उशाशी तीच बसत होती. आजी एक गोष्ट नेहमी सांगे. त्या दिवसांत पहाटे उठून ती आधी कान द्यायची. कोणत्या घरचे जाते वाजते आहे आणि कोणत्या घरचे नाही, ते ऐकायची. “जातं बंद झालं का समजाव, त्या घरची बाई पडली,” असे ती म्हणे. आणि बाई पडली की त्या घरात पीठ नाही, पीठ नाही म्हणून भाकर नाही, आणि तापातून उठलेले माणूसही मग अन्नावाचून खंगत जाई. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता.

आजीला ठाऊक नव्हते ते मला पुढे वाचून कळले. हा ताप मुंबई बंदरात जहाजांतून उतरला. जून 1918 मध्ये तेथे पहिले रोगी दिसले, आणि पावसाळा सरता सरता दुसरी, फार जहाल लाट उठली. कापसाच्या गाठी ज्या रुळांवरून मुंबईला जात, त्याच रुळांवरून अकोला, बडनेरा करीत तो वऱ्हाडात आला. सबंध हिंदुस्थानात या तापाने सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसे नेली, असा अंदाज आहे. 1911 च्या शिरगणतीत आजच्या भारताच्या हद्दीतली वस्ती सुमारे 25 कोटी 20 लाख होती, ती 1921 मध्ये वाढायची ती थोडी कमीच भरली. ज्या प्रांतांना सर्वांत जबर फटका बसला त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड होता. आणि देशात पुरुषांपेक्षा बायका अधिक मेल्या. कारण आजीच्या सासूचेच. रोग्याजवळ बसणारी तीच, आणि ती पडल्यावर तिच्याजवळ बसणारे कोणी नाही.

त्या साली आरोग्यव्यवस्था कोलमडली, असे मात्र म्हणता येत नाही. खेड्यात ती नव्हतीच. डॉक्टर होते ते शहरात, त्यांतलेही पुष्कळ महायुद्धावर गेलेले.

आज आपण तिवशात जी व्यवस्था पाहतो तिचा आराखडा पुष्कळ नंतरचा. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली 1943 मध्ये एक समिती नेमली गेली, आणि तिने 1946 मध्ये अहवाल दिला. पैसा नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे त्यातील मूळ सूत्र. पुढे 1952 पासून समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. आता सपाटीवर सुमारे 5 हजार वस्तीला एक उपकेंद्र, 30 हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय आणि त्यावर जिल्ह्याचे रुग्णालय, अशी उतरंड ठरलेली आहे. मेळघाटासारख्या डोंगरी मुलखात हे आकडे 3 हजार आणि 20 हजार असे आहेत. उतरंड हा शब्द मी मुद्दाम वापरते. आपल्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा. सगळ्यांत खालचे मडके तडकले तर वरचे कितीही चांगले असो, ते खाली यायला वेळ लागत नाही.

आता साथ येते तेव्हा काय होते ते पाहू. साथ आली म्हणून बाळंतपणे थांबत नाहीत. विंचू चावायचा थांबत नाही. क्षयाच्या रोग्याला गोळी रोज लागते ती लागतेच, आणि दीड महिन्याच्या लेकराला लस दीड महिन्याचे असतानाच द्यावी लागते. साथीचे काम हे रोजच्या कामावर येऊन पडते. म्हणून ज्या ठिकाणी रोजचेच काम कसेबसे चालले आहे, तेथे साथ पेलत नाही. आणि साथ पेलायला सगळे हात तिकडे लावले तर रोजच्या कामाचे रोगी मरतात. करोनाच्या काळात आपल्या देशात हेच झाले. 2019 मध्ये सुमारे 24 लाख क्षयरोग्यांची नोंद झाली होती, ती 2020 मध्ये 18 लाखांवर आली. क्षय कमी झाला होता, असे कोणी समजू नये. तो खोकत घरी बसला होता. 2021 मध्ये देशातल्या सुमारे 27 लाख बालकांना एकही नेहमीची लस मिळाली नव्हती, असा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचा अंदाज आहे. पुढच्या वर्षी यंत्रणेने मागे पडून राहिलेले काम मोठ्या नेटाने उचलले आणि हा आकडा 11 लाखांवर आणला, ही कौतुकाची गोष्ट. तथापि 2022 च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत आणि मालेगावात गोवर पसरलाच आणि लेकरे गेली.

परदेशातले एक उदाहरण देते, कारण ते एका बाईचे आहे. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत एबोला नावाचा भयंकर ताप पसरला. लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी या तीन देशांत मिळून 11 हजारांवर माणसे मेली. दवाखान्यात गेले की एबोला होतो, या भीतीने लोकांनी दवाखाने सोडले, परिचारिका व डॉक्टर स्वतः मेले, आणि बाळंतीण व हिवतापाचे रोगी विनाउपचार गेले ते वेगळेच. त्याच वर्षी जुलै महिन्यात एबोला झालेला एक प्रवासी विमानाने नायजेरियातल्या लागोस शहरी उतरला. लागोस म्हणजे मुंबईसारखे अफाट गर्दीचे शहर. तेथल्या एका रुग्णालयात डॉ. अमेयो स्टेला अडाडेवोह नावाच्या बाईंनी त्याला पाहिले, शंका आली म्हणून अडवून ठेवले, आणि सोडा म्हणून वरून दडपण आले तरी सोडले नाही. त्या स्वतः त्याच रोगाने 19 ऑगस्ट 2014 रोजी वारल्या. पण त्या देशात एकंदर 20 जणांना लागण होऊन 8 जण दगावले, तेवढ्यावर साथ थांबली. कशी थांबली? त्यांच्याकडे पोलिओसाठी घरोघर फिरणारी माणसे, नकाशे, याद्या आणि एक सज्ज कचेरी आधीपासून होती. तीच माणसे रोग्याच्या सहवासात आलेल्यांना शोधायला लावली. पोलिओ तेथे तेव्हा संपलाही नव्हता. पोलिओचे काम करता करता हात तयार झाले होते, ते एबोलाला उपयोगी पडले.

आपल्याकडेही 1995 पासून पल्स पोलिओ चालले. किती जणींनी त्या रविवारी लेकराच्या करंगळीवर शाई लावून घेतली असेल! आम्हांला तेव्हा कंटाळा यायचा. वीस-वीस घरांच्या याद्या, भिंतीवर खडूच्या खुणा, बंद घराला पुन्हा भेट. 13 जानेवारी 2011 नंतर देशात एकाही बालकाला रानटी विषाणूचा पोलिओ झाला नाही, आणि 2014 मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या खडूच्या खुणा पुढे करोनात किती उपयोगी पडल्या ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी माझ्या चुकीचे सांगितले पाहिजे. ते सांगितल्याशिवाय मला याद्यांवर बोलण्याचा अधिकार नाही.

ही गोष्ट 1990 नंतरच्या एका हिवाळ्याची. केंद्राचे नाव सांगत नाही, त्याने काही साधत नाही. माझ्याकडे पाच गावे होती. गोवराच्या लशीचे उद्दिष्ट आले होते आणि मी ते शंभर टक्के पुरे केले होते. सभेत माझे नाव घेऊन कौतुक झाले, टाळ्या वाजल्या. त्याच सुमारास एका शेताच्या धुऱ्यावर मेळघाटातून कापूस वेचायला उतरलेल्या मजुरांची पंधरा-वीस पाले पडली होती. मी सायकलीने तेथून आठवड्यातून दोनदा जात होते. लशीचा थंड डबा खांद्याला असे. पण ती माणसे माझ्या गावांच्या यादीत नव्हती. त्यांची लेकरे मोजली तर माझे शंभर टक्के शंभर राहात नव्हते, आणि हे लोक काय, महिन्याभरात निघून जाणार, असे मी मनाशी म्हटले. गोवर आला तो तेथेच आला. सात लेकरे पडली. त्यातली एक मुलगी, असेल दीड वर्षाची, गोवरानंतर तिला न्युमोनिया झाला. मला कळले तोवर तिच्या आईने तिला पदराखाली धरून एक रात्र आणि एक दिवस काढला होता. बैलबंडीतून नेताना ती वाटेत गेली. तिच्या आईला मराठी येत नव्हते आणि मला कोरकू. ती मला काय म्हणाली ते मला आजही ठाऊक नाही.

नंतर मी माझे रजिस्टर उघडून पाहिले. त्यात त्या मुलीचा जन्म नव्हता, लस नव्हती, मृत्यूही नव्हता. कागदावर माझे काम चोख होते. मला कोणी एक शब्द बोलले नाही, कारण बोलायला कोणाजवळ काही पुरावाच नव्हता.

तेव्हापासून शंभर टक्के असे कोणी म्हटले की मी विचारते, शंभर कोणते? यादी कोणी केली, आणि तिच्यात कोण नाही? साथीचा रोग यादीच्या बाहेरच्या माणसापासून सुरू होतो. पुढे पुढे मी पाले, वीटभट्ट्या, धनगरांचे वाडे यांची एक वेगळी वही ठेवली. वरिष्ठांनी मागितली नव्हती, म्हणून तिचा रकाना कोठे नव्हता. पण ती ठेवली.

याद्या असल्या तरी एक गोष्ट उरते, आणि ती म्हणजे दार उघडणे. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारजवळ कायदा होता, पैसा होता, गोरे सोल्जर होते. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. सोल्जर घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, बायकांना रस्त्यावर आणून तपासले. लोक प्लेगापेक्षा तपासणीला भिऊ लागले, आजारी माणूस माळ्यावर लपवू लागले. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयात बायकांची काय अवस्था होते त्याविषयी वृत्तपत्रात पत्र लिहिले. जून महिन्यात रँडचा खून झाला तो इतिहास आपणांस माहीत आहे. सरकारलाही नंतर जबरदस्ती सैल करून लोकांचे मन वळविण्याकडे यावे लागले. आणि त्याच पुण्यात, त्याच वर्षी, डॉक्टर मुलगा यशवंत याने उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घालून दवाखान्यात आणले आणि त्यांना लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्यांच्या मरणाची तारीख आपण दरवर्षी पाळतो, परंतु त्या साथीत, रोगी वाहताना गेल्या, हे पुष्कळ भाषणांत सांगायचे राहून जाते.

आता करोनाकडे येते. तो आपण सगळ्यांनीच पाहिला. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी होते, आणि साठी उलटलेली म्हणून मुलगा मला उंबरठा ओलांडू देत नव्हता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली आणि आपल्या नागपूर रस्त्याने माणसे चालत निघाली. या मंडळातल्या कितीतरी जणींनी तेव्हा भाकरी आणि पिठले बांधून दिले. त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही ते बरेच झाले. सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातले नमुने तपासायला नागपूरला जात. अहवाल येईपर्यंत माणूस एक तर बरा व्हायचा किंवा घरभर रोग वाटून मोकळा व्हायचा. मग 2020 मध्येच संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात प्रयोगशाळा उभी राहिली. विद्यापीठात ती यंत्रे चालविणारे जीवशास्त्राचे शिक्षक होते म्हणून उभी राहिली. यंत्र आठवड्यात विकत आणता येते; ते वापरणारा माणूस आठवड्यात तयार होत नाही.

पुढच्या वर्षी मात्र अमरावतीचे नाव सगळ्या देशात झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये इतरत्र लोक साथ संपली असे समजत होते. लग्ने जोरात होती, ग्रामपंचायतींच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. तेव्हा अमरावती, अकोला, यवतमाळ इकडचे आकडे चढू लागले. 22 फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपूर पुन्हा बंद करावे लागले. मार्चमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने जाहीर केले की, महाराष्ट्रातल्या काही नमुन्यांत विषाणूची बदललेली जात सापडली आहे. तिचेच एक रूप पुढे “डेल्टा” म्हणून जगभर गेले. आम्ही वऱ्हाडवाले तो इशारा आधी भोगत होतो, आणि एप्रिल-मेमध्ये सगळा देश प्राणवायूसाठी धावत होता. मला आजही वाटते, फेब्रुवारीत अमरावतीकडे पाहून बाकीच्यांनी सहा आठवडे कामाला लावले असते तर काही माणसे वाचली असती.

एका जिल्ह्याने ते केले होते. नंदुरबार हा आदिवासी जिल्हा, आपल्या मेळघाटासारखाच. तेथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः डॉक्टर. हवेत सुमारे पाचवा हिस्सा प्राणवायू असतो; तो हवेतून वेगळा काढून नळीने खाटेपर्यंत नेणारे यंत्र त्यांनी सप्टेंबर 2020 मध्ये बसविले. पहिली लाट ओसरली तरी ते थांबले नाहीत. फेब्रुवारी आणि मार्च 2021 मध्ये आणखी यंत्रे बसली. एप्रिलमध्ये मोठमोठ्या शहरांत टँकरची वाट पाहात रोगी तडफडत होते, तेव्हा नंदुरबारला स्वतःचा प्राणवायू होता. आकडे खाली असताना यंत्रावर पैसे घालायचे, याला धैर्य लागते. साथ पुन्हा आली नसती तर हाच खर्च उधळपट्टी म्हणून कोणीतरी काढून दाखविला असता.

आणि खाली, उतरंडीच्या तळाशी काय चालले होते? आमच्या गल्लीतली आशा मला संध्याकाळी फोन करी. “सिस्टर, काका म्हणतेत मले काई झालं नाई, उन्हाचा ताप हाये. पण कालपासून अंगणात दिसून नाई राह्यले.” तिला कोणी शिकविले होते की अंगणात न दिसणे हे लक्षण आहे? माझी आजी जात्याचा आवाज ऐकत होती, तसेच ते. सप्टेंबर 2020 मध्ये “माझे कुटुंब, माझी जबाबदारी” ही मोहीम निघाली, तेव्हा घरोघर जाऊन ताप पाहायचा आणि बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहायचा, हे काम पुष्कळसे आशांच्याच अंगावर आले. लोक दारातून हाकलत. कोणी म्हणे, तूच रोग घेऊन फिरतेस. पण जिने त्याच घरची दोन बाळंतपणे रात्री-बेरात्री सोबत जाऊन पार पाडली होती, तिला त्या घरची सासू शेवटी आत घेई. करोनाच्या दिवशी नवा चेहरा पाठवून हे झाले नसते. ते दार 2020 मध्ये उघडले, त्याला कारण त्या आधीची पंधरा वर्षे.

आशा ही योजना 2005 सालची. साधारण हजार वस्तीला एक, गावातलीच बाई. पगार नाही, कामागणिक मोबदला आणि वर थोडे मानधन. करोनाच्या कामासाठी केंद्राने महिन्याला 1000 रुपये जादा दिले. म्हणजे दिवसाला सुमारे 33 रुपये. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे 70 हजार आशांनी संप केला. तेव्हा मला एका सुशिक्षित बाईने विचारले, साथीच्या दिवसांत संप शोभतो का? मी त्यांना विचारले, तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला तुम्ही काय देता? त्या रागावल्या. पुढे मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. आम्हांला फार आनंद झाला. त्या दिवशी आमच्या आशेने मला विचारले, “सिस्टर, ह्याचे पैसे भेटतेत का?” मी हसले आणि मग मला हसल्याची लाज वाटली.

पैशाचे आणखी एकच सांगते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात असे ठरले होते की, देशाच्या एकूण उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांमागे अडीच रुपये सरकारांनी मिळून आरोग्यावर खर्चावे, आणि हे 2025 पर्यंत व्हावे. 2021-22 या वर्षी, म्हणजे साथ ऐन भरात असताना, हा खर्च 1 रुपया 84 पैसे होता. पूर्वीपेक्षा तो वाढला होता हे खरे. पण रिकाम्या राहिलेल्या जागा, गळणारी उपकेंद्रे आणि रखडलेली मानधने यांचा जन्म त्या उरलेल्या पैशांत आहे.

करोना सरला आणि आपण सुटकेचा श्वास टाकला. जुलै 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा झाला आणि माणसे दगावली. नळाच्या पाण्याची वीज तोडली गेली होती आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी प्याले, अशा बातम्या त्या वेळी आल्या. ज्या जिल्ह्याने विषाणूची जात ओळखण्यापर्यंत मजल पाहिली, त्याच जिल्ह्यात कॉलऱ्यासारख्या शंभर वर्षांपूर्वीच्या रोगाने माणसे जावीत! आपल्याच तालुक्यातल्या मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावच्या आरोग्यावर एक सबंध अध्याय लिहिला आहे. गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावे झाडली. त्यांच्या नावाने आपण सभागृहे बांधतो, विद्यापीठे काढतो. ठीक आहे, काढावीत. पण टाकी शेवटची केव्हा धुतली, हा प्रश्न ग्रामसभेत आपल्यापैकी किती जणींनी विचारला आहे? मी तरी निवृत्तीनंतर एकदाच विचारला, आणि उत्तर मिळाले नाही म्हणून पुन्हा विचारायला गेले नाही.

माझा वेळ संपत आला आहे. अध्यक्षाबाईंनी दोनदा घड्याळ पाहिले ते मी पाहिले. मी येताना एक वही आणली आहे. दोनशे पानी, साधी. तिच्या पहिल्या पानावर मी माझ्या गल्लीची अकरा घरे लिहिली आहेत. कोण एकटे राहते, कोणाला रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी रोज लागते, कोणाकडे दोन वर्षांखालचे लेकरू आहे, कोण पोटुशी आहे, कोणाचा मुलगा पुण्या-मुंबईला असतो आणि त्याचा नंबर काय. मागच्या महिन्यात नाल्यापलीकडे उसाच्या रसवंतीवाल्याचे एक कुटुंब येऊन राहिले आहे, त्यांना तीन लेकरे आहेत, तेही लिहिले आहे. त्यातल्या धाकट्याची लस झालेली नव्हती. गुरुवारी आशा त्याला घेऊन गेली.

बाकीची पाने कोरी आहेत. गल्लीगल्लीतून एकेक जणीने आपापले पान भरावे, आणि दर तीन महिन्यांनी ते आपल्या आशेबरोबर बसून ताडून पाहावे. ज्यांना हे लिहून द्यायला नको असेल त्यांना आग्रह करू नये, आणि वही मंडळाबाहेर कोणाला दाखवू नये. घरचे दुखणे हे चव्हाट्यावरचे बोलणे नव्हे. वही चिटणीसबाईंच्या घरी राहील. रविवारी दुपारी चारपर्यंत त्या घरी असतात.